आधी सेल काढा: माळ्यावर सापडलेल्या दोन इलेक्ट्रॉनिक घड्याळांबद्दल

गुहागरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घर शाकारताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तिच्यात दोन मनगटी घड्याळं निघाली. एक सिकोचं, आकडे दाखवणारं, काकांनी कुवेतहून आणलेलं. त्याच्या पडद्यावर आता काहीच दिसत नाही आणि मागचं झाकण उघडलं तर आत पांढरं-हिरवं काहीतरी जमलेलं. दुसरं मामांचं, ते बोटीवर होते. त्याच्या तबकडीवर चिमट्यासारखी खूण आहे आणि बाजूला किल्लीच नाही, म्हणजे ती तुटून पडली असावी. गावातल्या घड्याळजींचं म्हणणं, पहिलं टाकून द्या, दुसऱ्यात नवीन मशीन बसवून देतो. आई म्हणते, कोकमाच्या आगळाने घासून बघ. तर नवीन सेल घालून चालतात का बघू का? आणि अशी घड्याळं जमवायची झाली तर सुरुवात कुठून करू?

नवीन सेल घालू नका. घातला असेल तर वाचणं थांबवा, तो काढा आणि मग पुढे वाचा. जुना आत असेल तर तोही काढा.

माझं चिपळूणला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांनी टीव्ही दुरुस्त करून घेणं सोडलं तसा मी घड्याळांकडे वळलो. म्हणजे मी खानदानी घड्याळजी नव्हे, सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन या धंद्यात शिरलेला माणूस. त्यामुळे चावीच्या घड्याळांबद्दल मला विचारू नका. सेलवर चालणारी जुनी मात्र पुष्कळ उघडली आहेत, आणि त्यातली बरीचशी तुमच्यासारखीच, आखातातून किंवा बोटीवरून येऊन कोकणातल्या ट्रंकेत पडून राहिलेली.

तुम्ही विचारलंय "चालू होतील का?" माझ्या मते त्याआधीचा प्रश्न असा आहे की ही घड्याळं कशामुळे खराब झाली, आणि तो प्रकार अजून आत सुरू आहे का. चावीचं घड्याळ बंद पडलं तर निदान होतं तसं पडून राहतं. सेलचं घड्याळ बंद पडलं की आतला सेल त्याला खायला लागतो. सेल संपला म्हणजे मेला, असं नसतं. आतलं रसायन अल्कधर्मी, बहुतेक सेलांत पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आणि ते सीलमधून हळूहळू पाझरतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग झाला की पांढरी भुकटी दिसते. तांब्या-पितळेला लागलं की हिरवा कळक. पितळी भांड्यात ताक कळकतं ना, हा त्याचाच भाऊ. वर आपली हवा. देशावर कोरड्या कपाटात जे नुकसान व्हायला वीस वर्षं लागतात ते इथे दोन-चार पावसाळ्यांत उरकतं, कारण हवेतल्या ओलाव्याबरोबर मीठ आत शिरतं आणि ओलाव्यात विरघळलेलं मीठ वीज वाहून नेतं. अशा ओल्या, खारट सर्किटवर ताजा सेल ठेवला तर जिथे वीज जायला नको तिथे जाते आणि केसाएवढ्या तांब्याच्या रेषा विरघळू लागतात. "चालतंय का बघू" म्हणून घातलेल्या सेलने मेलेली मॉड्यूलं, म्हणजे घड्याळातली अख्खी सर्किटं, मी पाहिली आहेत. दोन तर माझ्याच हातून मेली, सुरुवातीच्या काळात.

आता सिकोकडे. झाकणाच्या मागे दोन आकडे असतील: चार आणि चार अक्षरांचा एक जोड, मध्ये आडवी रेघ, आणि वेगळा सहा आकडी अनुक्रमांक. जोडातला पहिला भाग म्हणजे मशीनचा नंबर, दुसरा बॉडीचा. अनुक्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरं चिन्ह महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी ही अक्षरं. म्हणजे "८एन" ने सुरू होत असेल तर नोव्हेंबर १९७८ किंवा १९८८, आणि यातलं कोणतं ते मशीनच्या नंबरवरून ठरतं. सिकोने सहा आकडी एलसीडी, म्हणजे द्रव स्फटिकाच्या पडद्याचं, घड्याळ १९७३ साली आणलं, त्यामुळे काका सत्तरच्या दशकाच्या शेवटी कुवेतला असतील तर हिशेब जुळतो. हे दोन्ही नंबर आधी वहीत लिहून ठेवा. पुढे सुटा भाग शोधायची वेळ आली तर "सिकोचं डिजिटल" या वर्णनाला काडीची किंमत नसते, नंबरला असते.

घड्याळजी टाकून द्या म्हणाले त्यात त्यांचा फार दोष नाही. चाकं-स्प्रिंगवर हात बसलेल्या माणसाला या घड्याळात दुरुस्त करण्यासारखं काही दिसतच नाही. पण पडदा कोरा असणं म्हणजे घड्याळ मेलं, असं नव्हे. एलसीडीच्या काचेवर पोलरायझरची एक पातळ फिल्म चिकटवलेली असते. आकडे काळे दिसतात ते तिच्यामुळे. उष्णतेने आणि दमट हवेने ही फिल्म पिवळी पडते, फुगते, काही वेळा तिला चक्क व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. फिल्म गेली की मशीन व्यवस्थित चालू असतानाही पडदा कोरा. साफसफाई झाल्यावर, सेल घालायची वेळ येईल तेव्हा, गाडी चालवताना लावतात तो पोलराइज्ड गॉगल पडद्यावर धरा आणि हळूहळू फिरवा. एखाद्या कोनात आकडे उमटले तर घड्याळ जिवंत आहे, फक्त फिल्म बदलायची आहे. मात्र काचेत शाई सांडल्यासारखा काळा डाग असेल आणि तो गॉगलमधूनही तसाच दिसत असेल, तर काचेतलं द्रव स्फटिकच बाहेर आलंय. त्यावर इलाज नाही. दुसऱ्या घड्याळाचा पडदा काढून लावणं एवढंच उरतं.

साफसफाईचा क्रम सांगतो. आईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे हे आधी मान्य करतो. पाझरलेलं रसायन अल्कधर्मी, म्हणून त्यावर आंबट लावायचं हे तत्त्व पक्कं. पण आगळात मीठ असतं, आणि मीठच तर आपल्याला घालवायचंय. चिंचही नको, तिचा चोथा सांध्यांत अडकतो. साधं पांढरं व्हिनेगर घ्या, कान साफ करायच्या काडीला जेमतेम ओल येईल एवढंच, आणि फक्त सेलच्या पत्र्यांवर आणि कळकावर टेकवा. बारीक फसफस होईल. ती थांबली की डिस्टिल्ड वॉटरने दोनदा पुसा, मग आयपीएने, म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने. नळाचं पाणी नको, बोअरचं तर नकोच. हे करताना पडदा मॉड्यूलपासून वेगळा काढलेला हवा. तो काढताना गुलाबी-राखाडी रबराची एक पट्टी किंवा पट्ट्यांची जोडी हातात येईल. आम्ही तिला झेब्रा म्हणतो, कारण भिंगातून बघितलं तर तिच्यात काळे-पांढरे पट्टे दिसतात. मॉड्यूलमधली वीज त्या काळ्या पट्ट्यांतून पडद्यापर्यंत पोचते. आकड्यांचे काही दांडे गायब असतील तर दहापैकी सात वेळा झेब्रा मळलेला असतो. आयपीएने पुसून, जशी होती तशीच परत बसवा. उलटीसुलटी झाली तर फारसं बिघडत नाही, पण बोटांचा तेलकटपणा लागला तर बिघडतं.

आणि स्प्रिंगा! झाकण उघडलं की एखादी केसाएवढी स्प्रिंग टुणकन उडते, अलार्मची असते ती, झाकणाला टेकून बझरपर्यंत वीज नेणारी. शेणाने सारवलेल्या किंवा कोब्याच्या जमिनीवर ती पुन्हा सापडत नाही. मी स्टीलच्या परातीत पांढरा रुमाल अंथरून त्यावर काम करतो आणि पहिल्यांदा उघडताना घड्याळ पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत धरतो.

वाळवणं घाईत करू नका. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला मिळेलच, पण तांदळाची पावडर आत जाण्यापलीकडे त्याने काही होत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर तीन-चार दिवस ठेवा. मग मॉड्यूल बॉडीबाहेर असतानाच, मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं मीटर, मायक्रोअँपिअरवर ठेवून, सेलबरोबर एका ओळीत जोडा. निरोगी एलसीडी मॉड्यूल एक आकडी मायक्रोअँपिअर घेतं. मीटर पन्नास-शंभर दाखवत असेल तर ओल किंवा कळक अजून शिल्लक आहे, सेल काढा आणि पुन्हा धुवा. सेल कोणता घालायचा हे घड्याळावर ठरतं, पण एसआरने सुरू होणारा, सिल्व्हर ऑक्साइडचाच घ्या. एलआरवाले स्वस्त असतात, मापात बसतात, पण त्यांचा व्होल्टेज उतरत जातो आणि ते लवकर पाझरतात. तीच रड पुन्हा.

फिल्म बदलणं हे धीराचं काम आहे. पहिल्या खेपेला मी ब्लेड वापरलं आणि काच तडकवली. आता नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने एका टोकाला उचलतो आणि शक्य तितक्या आडवी ओढत सोलतो, पिकलेल्या केळ्याची साल काढल्यासारखी. मागे राहिलेला चिकटा आयपीएने, पण काचेच्या कडांना ओल न लावता. मग मॉड्यूल चालू ठेवून नवीन फिल्मचा तुकडा वर फिरवायचा. एका कोनात आकडे काळे, पार्श्वभूमी उजळ. नव्वद अंश पुढे नेलं तर नेमकं उलटं, काळ्यावर उजळ आकडे. काही हौशी लोक मुद्दाम तसं ठेवतात. मला ते आवडत नाही, काकांचं घड्याळ काकांना ओळखू यायला हवं. योग्य कोनाला पेनाने खूण करा आणि मगच कापा.

इथे एक अनुभव सांगतो, कारण गुहागरला तुमच्या घरातही कधी पाणी शिरू शकतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात चढलं तेव्हा माझं दुकान टेबलाच्या वरपर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर गाळातून घड्याळांचे डबे बाहेर काढले. पहिली दहा-बारा घड्याळं मी उघडून उन्हात ठेवली, तेवढ्यात ऊन पडलं म्हणून खूष होऊन. संध्याकाळपर्यंत गाळ सिमेंटसारखा घट्ट झाला आणि सकाळी बघतो तर त्याच्या खाली कळक. उरलेल्यांना ऊन दाखवायला वेळच मिळाला नव्हता. ती सेल काढून बॅटरीच्या पाण्याच्या, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरच्या, कॅनमध्ये बुडवून ठेवली होती, एकेक हाताळायला घेईपर्यंत. त्यातली बरीच वाचली. पोलरायझर सुटले, तबकड्या डागाळल्या, पण मॉड्यूलं वाचली. भिजलेलं घड्याळ अर्धवट वाळू देण्यापेक्षा स्वच्छ पाण्यात ओलंच ठेवावं, हे मी असा शिकलो.

आता मामांच्या घड्याळाकडे येतो, आणि तुम्ही जरा बसून घ्या. ती खूण चिमट्याची नाही, ट्यूनिंग फोर्कची आहे, तबलजी-गायकांकडे असतो त्या सुराच्या काट्याची. किल्ली तुटलेली नाही, तिथे कधी नव्हतीच. घड्याळ उलटं करा. मागे घडी घालून बसलेली एक छोटी कडी असेल, ती उचलून फिरवली की काटे फिरतात. हे बुलोव्हा या अमेरिकन कंपनीचं ॲक्युट्रॉन असणार, आणि मागे किल्ली म्हणजे बहुधा २१४ हे मशीन.

या मशीनवर माझं प्रेम आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल. अमेरिकेतल्या हॅमिल्टन कंपनीने १९५७ साली विजेवर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं, पण त्यात विजेचे सांधे एकमेकांना घासत आणि झिजत. बुलोव्हातल्या मॅक्स हेट्झेल या स्विस इंजिनिअरने सांधाच काढून टाकला. ऑक्टोबर १९६० मध्ये आलेल्या ॲक्युट्रॉनमध्ये एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, दोन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, आणि सेकंदाला ३६० वेळा थरथरणारा तो सुराचा काटा. काट्याला लावलेलं एक इवलंसं रत्न ३०० दात्यांचं चाक दर कंपनाला एक दाता पुढे ढकलतं. ते सगळं चाक सुमारे अडीच मिलिमीटरचं. म्हणून याचा सेकंदकाटा टकटक करत नाही, सरकतो, आणि कानाला लावलं तर टिकटिकीऐवजी गुणगुण ऐकू येते. शांत रात्री उशाजवळ ठेवलं तर मच्छर आलाय असं वाटतं. २५ डिसेंबर १९६९ ला सिकोने ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालणारं घड्याळ आणलं आणि पुढच्या काही वर्षांत या सुराच्या काट्याचा जमाना संपला. त्यामुळे ही घड्याळं एका छोट्या काळातलीच आहेत.

म्हणून कृपा करून त्यात "नवीन मशीन" बसवू देऊ नका. ते काम चांगल्या हेतूनेच होतं, गिऱ्हाईकाला वेळ दिसला पाहिजे म्हणून. पण मूळ मशीन तिथेच भंगारात जातं आणि हातात राहते रिकामी बॉडी. मी असं एक ॲक्युट्रॉन विकत घेतलंय, रत्नागिरीतून, हौसेने, आणि घरी येऊन उघडल्यावर दहा मिनिटं गप्प बसून होतो.

मागे अक्षर-आकड्याची एक बारीक जोडी असेल. "एम" म्हणजे साठचं दशक, "एन" म्हणजे सत्तरचं, म्हणजे "एम७" असेल तर १९६७. सेलचं वेगळं गोल झाकण असतं, नाण्याने फिरेल असं. फिरवून सेल काढा. अडलं तर जोर करू नका. आणि यापुढे काहीही उघडू नका. सिकोसाठी एवढं लिहिलं कारण तिथे चूक झाली तर भरून निघते. इथल्या कॉइलची तार केसाहून बारीक आहे, चिमटा निसटून तिला लागला की संपलं, आणि त्या चाकाचे दाते डोळ्याने दिसतच नाहीत.

सेलचीही एक भानगड आहे. हे मशीन पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलसाठी बनवलेलं. पाऱ्याचे सेल बाजारातून गेले, आता मिळतात ते १.५५ व्होल्टचे. जास्त जोर मिळाला की काटा जास्त थरथरतो आणि रत्न कधी कधी एकाऐवजी दोन दाते ओढतं. घड्याळ तासाला कितीतरी मिनिटं पुढे पळतं आणि लोक म्हणतात बिघडलं. उपाय दोन. एक तर जाणकाराने त्या रत्नांचं अंतर नव्या व्होल्टेजला जुळवून द्यायचं, किंवा डायोड लावून व्होल्टेज उतरवलेला सेल वापरायचा. कोणता, ते मशीन किती झिजलंय त्यावर अवलंबून. मी स्वतः आधी डायोडवाला मार्ग धरतो, कारण त्यात मशीनला हात लागत नाही. बाकी, दोन्ही कॉइल शाबूत आहेत की नाहीत हे मीटरवर कळेपर्यंत हे घड्याळ चालेल असं वचन कुणीही देऊ नये, मीसुद्धा नाही.

दुरुस्त झाल्यावर ठेवायची कुठे? ट्रंकेत नक्कीच नाही. त्यात डांबराच्या गोळ्या असणार, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. चामड्याच्या अस्तराच्या पेट्या दिसायला छान, पण ओल धरून ठेवतात आणि श्रावणापर्यंत बुरा येतो. रबरी कड्यांचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर पुरे. पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली की मी समाधानी. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परता, पण खायच्या तव्यावर नको. जे घड्याळ हातात घालत नाही त्यात सेल ठेवायचा नाही. प्लास्टिकचे पट्टे मात्र कितीही जपले तरी आपल्या हवेत भुगा होतात, त्याचं दुःख करू नका. जुना पट्टा पिशवीत घालून ठेवा, वापरायला नवा लावा.

जमवण्याबद्दल थोडंच सांगतो, कारण घरची दोन नीट होईपर्यंत तिसरं विकत घेऊ नये असं माझं मत आहे. पुढे घ्यायचंच झालं तर मुंबईच्या चोरबाजारापेक्षा आपला किनारा बरा. खेड, दापोली, रत्नागिरी पट्ट्यात जुन्या आखाती नोकरीवाल्यांच्या घरी सिको, सिटिझन, कॅसिओ पडून आहेत, आणि त्यांच्या बॉडीला कुणी हात लावलेला नसतो. बाजारातली चकाचक घड्याळं बहुतेक वेळा नव्याने मुलामा दिलेली, तबकडी पुन्हा रंगवलेली असतात. मी मळकं, बंद, पण आतून न छेडलेलं घड्याळ पसंत करतो. आणि घरच्या माणसाला त्याची खरी किंमत सांगूनच घेतो. गावात राहायचंय मला.

पॉलिशचा मोहही आवरा. काकांच्या घड्याळाच्या कडेवरचे ओरखडे काकांचे आहेत.

सिकोचं झाकण हातात घ्याल तेव्हा आतली बाजू उन्हात तिरपी धरून बघा. पूर्वीचे घड्याळजी सेल बदलला की तिथे सुईने तारीख किंवा स्वतःची खूण कोरत. ती सापडली तर घड्याळ शेवटचं कधी चालू होतं आणि आतला सेल किती वर्षं पाझरतोय याचा अंदाज येईल. तिचा, मागच्या नंबरांचा आणि कळक लागलेल्या जागेचा जवळून काढलेला फोटो टाका. फ्लॅश नको, खिडकीच्या उजेडात काढा. मामांच्या घड्याळाचा नुसता मागचा फोटो पुरे. ते मात्र एस.टी.च्या पार्सलने पाठवू नका. चिपळूणला येणं झालं तर खिशात घालून घेऊन या.